जानेवारीत सिंधूकाठी पक्षी बघायचं पॅकेज : गाईडला पाच स्टार, कंपनीला दीड

तर आधीच सांगून टाकते, नावं लिहिणार नाहीये. कंपनीचं पण नाही आणि ज्यांच्या घरी राहिलो त्यांचं पण नाही. कंपनीशी रिफंडवरून माझी अजून वाजतेय, आणि घरच्यांचं नाव लिहिलं तर पुढच्या जानेवारीत त्यांच्या अंगणात वीस जण कॅमेरे लावून उभे राहतील, ते मला नकोय. पण कोणाला असं काही बुक करायचंच असेल तर काय विचारून घ्यायचं तेवढं कळावं म्हणून हे लांबलचक लिहितेय. वेळ नसेल तर शेवटाकडे जा, तिथे सामानाचं आणि पैशांचं आहे.

पॅकेज असं होतं, सहा रात्री, त्यातल्या दोन लेह गावात हॉटेलात आणि चार शेय आणि स्ताकनाच्या मधल्या एका गावात होमस्टे, नदी चालत दहा मिनिटांवर, गाडी, गाईड, तीन वेळचं जेवण, माणशी ४८ हजार, विमान आपलं आपण. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं ‘गोठलेल्या सिंधूकाठचे पक्षी’ आणि त्याखाली फोटो कोणाचा, तर ब्लॅक नेक्ड क्रेनचा, म्हणजे काळ्या मानेच्या क्रौंचाचा. आता हा क्रेन म्हणजे लडाखचा राज्यपक्षी वगैरे सगळं बरोबर आहे, पण तो उन्हाळ्याचा पाहुणा हो. एप्रिलच्या आसपास येतो, तिकडे चांगथांगच्या उंच पठारावर, हानले, त्सो कर वगैरे भागात अंडी घालतो आणि दिवाळीच्या सुमारास पिल्लं घेऊन निघून जातो. जानेवारीत क्रेन दाखवतो म्हणणं म्हणजे ऐन पावसाळ्यात भिगवणला फ्लेमिंगोचे थवे दाखवतो म्हणण्यासारखंच झालं. हे मला माहीत होतं. तरी मी फोनवर विचारलं, तर पलीकडचा मुलगा ठासून म्हणाला, हंड्रेड परसेंट दिसतो मॅडम. तिथेच फोन ठेवायला हवा होता मी. पण जायचंच होतं ना.

जायचं का होतं ते सांगते. आम्ही नाशिकचे, त्यामुळे थंडी पडली की एक रविवार सोडून एक नांदूरमधमेश्वर ठरलेलं, चापडगावच्या मनोऱ्यावर उभं राहून बदकं मोजायची आणि येताना कुठेतरी मिसळ. तिथे दर हिवाळ्यात चक्रवाक येतात, ती नारिंगी रंगाची मोठी बदकं, कोणी ब्राह्मणी बदक म्हणतं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधे थिरथिरा येतो, शेपूट थरथरवत स्कूटरच्या सीटवर बसतो. हे दोघंही उन्हाळा वर काढतात, लडाख तिबेटकडे, आणि तिकडे बर्फ पडायला लागलं की खाली आपल्याकडे. आपण त्यांचं कौतुक करतो, स्थलांतर, हजारो मैल, वगैरे वगैरे. मला मात्र कायम वाटायचं की सगळेच थोडी येतात, मागे पण कोणीतरी राहत असेलच ना. ज्यांनी घर सोडलंच नाही ते काय खातात, कुठे झोपतात, आपल्या निफाडला पारा पाचच्या खाली गेला की पेपरात द्राक्षांवरच्या दवाचे फोटो येतात आणि तिकडे उणे अठरा.

बरोबर नणंद होती. तिला पक्ष्यांमधलं कावळा, चिमणी आणि पोपट एवढंच येतं आणि तिला त्याची लाजही नाही. तिला बर्फ बघायचा होता. शिवाय सासूबाईंनी रिकामी बाटली दिली होती, सिंधूचं पाणी आणा म्हणून, कारण रोज ‘नर्मदे सिंधु कावेरि’ म्हणायचं, बाकीच्या सगळ्या नद्यांचं पाणी देवघरात आहे, सिंधूचंच तेवढं नाही.

पहिले दोन दिवस लेहमधे. यावर जास्त लिहीत नाही. लेह साधारण ३५०० मीटरवर, विमानातून थेट उतरायचं, त्यामुळे पहिले दोन दिवस गपचूप पडून राहणं हाच नियम आहे. आपल्या घरी श्वासाला जेवढा ऑक्सिजन मिळतो त्याच्या दोन तृतीयांशच तिथे मिळतो, जिना चढून गेलं तरी छाती धडधडते. आणि कंपनीच्या माणसाने दुसऱ्याच सकाळी हॉटेलच्या दारात गाडी लावली, चला मॅडम खार्दुंगला. म्हणजे पाच हजार मीटरच्या वरची खिंड, अंगाला अजून हवेची सवय झालेली नसताना! नणंदेचं डोकं रात्रीपासून दुखत होतं. मी नाही म्हटलं तर म्हणे मग ती ट्रिप वाया गेली धरा, पैसे परत नाहीत. धरली वाया. एक स्टार इथेच गेला.

तिसऱ्या दिवशी गावात गेलो आणि तिथून पुढे सगळं बदललं, कारण तिथून पुढे कंपनीचा संबंध फक्त बिलापुरता होता. कंपनी दिल्लीतून फोन फिरवते आणि खरं काम करतात गावातली माणसं, हे असल्या सगळ्याच पॅकेजचं असतं बहुतेक, पण मला इतकं ढळढळीत पहिल्यांदाच दिसलं.

घर जुन्या पद्धतीचं, जाड मातीच्या भिंती, खाली गोठा आणि वर माणसं. मधल्या खोलीत बुखारी, म्हणजे पत्र्याची शेगडी, त्यात शेणी आणि लाकडं. सगळं घर त्या एका खोलीत. घरची आजी, सगळे आमा-ले म्हणतात म्हणून आम्ही पण आमा-ले, तिने पहिल्याच मिनिटाला हातात मिठाचा लोण्याचा चहा दिला, आणि नणंदेने पहिला घोट घेऊन माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तो केला होता. दोन दिवसांनी तीच मागून घेत होती. जाहिरातीत लिहिलेलं ‘अटॅच्ड बाथरूम विथ गीझर’. बाथरूम होतं, गीझरही होता, फक्त नळात पाणी नव्हतं कारण पाइप नोव्हेंबरमधेच गोठलेले असतात आणि मार्च एप्रिलपर्यंत तसेच राहतात. आमा-लेच्या सुनेला मी जाहिरात दाखवली तर ती खूप हसली. गरम पाणी बादलीतून मिळायचं, भरपूर मिळायचं, आणि संडास लडाखी पद्धतीचा कोरडा, जमिनीला भोक आणि त्यातून वरून माती लोटायची. वास अजिबात नाही. सवय व्हायला एक दिवस. याबद्दल घरच्यांचा एक मार्क कापणार नाही, कंपनीचा कापणार.

आता नदी.

पहिल्या सकाळी गाईडने साडेआठच्या आधी बाहेर पडूच दिलं नाही. मला वाटलं आळशी आहे. आपल्याला सवय ना, पक्षी बघायचे म्हणजे पहाटे पाचला निघायचं. तर तो म्हणाला, दीदी, धूप आने दो, पंछी भी धूप का ही इंतजार करता है. आणि खरंच, दरी खोल असल्याने ऊन उशिरा उतरतं, समोरच्या डोंगरावरून ते हळूहळू खाली सरकत येतं आणि जिथे पोचेल तिथली झाडं जागी होतात. आधी पॉप्लरचे शेंडे, तिथे मॅगपाय बसलेले, काळे पांढरे, पिसं फुलवून नुसते चेंडू झालेले, ऊन अंगावर पडलं तशी एकेकाने शेपूट खाली सोडली आणि लागले भांडायला. रात्रभर पिसं फुलवून त्यात हवा धरून ठेवायची, छातीच्या स्नायूंनी थरथरून उष्णता तयार करायची, त्यात आदल्या दिवशी खाल्लेलं सगळं जळून जातं, मग सकाळी उठून अंधारात फिरायला ताकद कुठून आणणार. आळशी गाईड नव्हता, मीच अडाणी.

नदी बघून नणंदेचा पहिला उद्गार, ही कुठे गोठलीये? बरोबर होतं तिचं. पूर्ण गोठत नाही सिंधू इथे, प्रवाह जोरात आहे म्हणून. दोन्ही काठांना बर्फाचे पांढरे ओटे, काही ठिकाणी चार चार मीटर रुंद, आणि मधून हिरवंनिळं पाणी वाहतंय, त्यावर बर्फाच्या गोल चकत्या तरंगत चाललेल्या. अगदी भाकरीएवढ्या, आणि एकमेकींवर घासून घासून कडा वर आलेल्या, फुगलेल्या भाकरीच्या असतात तशाच. त्या काठाला घासत जातात त्याचा आवाज येत राहतो, सतत, कोणीतरी शेजारच्या खोलीत तांदूळ पाखडतंय असा. मी याचा व्हिडिओ केला आहे पण त्यात फक्त वारा ऐकू येतो.

मी घरून फ्रीजमधे लावायचा तो वायरवाला थर्मामीटर नेला होता, दीडशे रुपयांचा, चेष्टा झाली माझी त्यावरून. सकाळी पावणेनऊला हवेत धरला, उणे १६. मग वायर पाण्यात सोडली तर शून्याच्या जरासा वर. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाहतं पाणी शून्याच्या फारसं खाली जाऊच शकत नाही, गेलं की बर्फ. म्हणजे बाहेरच्यापेक्षा नदी सोळा डिग्रीने गरम आहे! आपण तिला बर्फाची नदी म्हणून काठावर कुडकुडतोय आणि तिथल्या पक्ष्यांसाठी सगळ्या दरीत तीच सगळ्यात मोठी न गोठलेली जागा.

आणि अजून एक, जे मला गाईडने सांगितल्याशिवाय कधीच सुचलं नसतं. उन्हाळ्यात ही नदी गढूळ असते, बर्फ वितळून राखाडी माती वाहत येते, फोटोत बघा कुठल्याही, दुधाचा चहा नुसता. हिवाळ्यात वरचं वितळणं बंद, म्हणून पाणी कमी आणि काचेसारखं स्वच्छ, गोट्यांची बेटं उघडी पडलेली, तळाचा दगडन्‌दगड दिसतो. त्या दगडांखाली किड्यांच्या अळ्या असतात, त्या थंडीत पण असतात. म्हणजे ज्याला पाण्यात उतरता येतं त्याच्यासाठी हिवाळा म्हणजे उपासमार नाहीच, कपाटाचं दार उघडं आहे. फक्त ते दार बर्फाने बंद होता कामा नये. म्हणून खरा गाईड कोण, तर कुठल्या वळणावर पाणी उघडं राहतं हे ज्याला पाठ आहे तो.

त्याने पहिल्यांदा दाखवला डिपर. याला मराठी नाव मला माहीत नाही, असलं तर सांगा. मुठीएवढा गोल पक्षी, चॉकलेटी, गळा आणि छाती पांढरी, बर्फाच्या ओट्याच्या अगदी कडेला उभा राहून उठाबशा काढत होता. नणंद म्हणाली, याला काय झालंय? आणि तेवढ्यात तो चालत चालत पाण्यात गेला. उडी नाही, सूर नाही, आपण जिना उतरतो तसा उतरला आणि दिसेनासा झाला. मी मोजत होते, एक दोन तीन, सातला वर आला, चोचीत काहीतरी वळवळणारं, पाठीवर पाण्याचे थेंब नुसते मण्यांसारखे, एकदा अंग झटकलं की सगळे गायब, कोरडा ठणठणीत. शेपटीजवळच्या ग्रंथीतून तेल काढून पिसांना चोपडतात ना पक्षी, त्या तेलाचं आणि दाट पिसांचं हे काम. पापणी मिटली की डोळ्यावर पांढरा ठिपका चमकायचा, लांबूनही दिसतो. असं त्याने आमच्या समोर वीस पंचवीस वेळा केलं. आणि मग त्या बर्फावर उभा राहून गायला लागला. उणे बारा तेरा असेल तेव्हा. वसंत नाही, जोडीदार आसपास नाही, काही नाही, तरी पाण्याच्या आवाजावर चढून गातोय. गाईड म्हणाला हा थंडीतही गातो, जागा माझी आहे म्हणून. दोनशे तीनशे मीटर उघडं पाणी म्हणजे त्याचं शेत समजा, सातबारा वाचून दाखवत होता.

नणंद अर्धा तास हलली नाही तिथून. बर्फावर बसली होती, खाली चटई पण नव्हती.

पाय कसे गारठत नाहीत हे तिने विचारलं आणि हे मला सांगता आलं याचा मला आनंद झाला. पायाकडे जाणारी गरम रक्ताची नळी आणि पायाकडून वर येणारी गार रक्ताची नळी एकमेकींना चिकटून असतात, जाणारी आपली उष्णता येणारीला देऊन टाकते, त्यामुळे पावलापर्यंत पोचतं ते रक्तच गार असतं. पाऊल जेमतेम गोठणार नाही एवढंच ऊबदार, मग बर्फाला द्यायला उष्णता उरतेच कुठे. ती म्हणाली मग मला दोन दोन मोजे का?

ज्याच्यासाठी लोक इतक्या लांब जातात तो आयबिसबिल दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. याचं कौतुक पक्षीवाल्यांना माहीत असेल, त्याच्या कुळात तो एकटाच, दुसरी जात नाही. राखाडी अंग, काळं तोंड, छातीवर काळा पट्टा आणि लाल लांब चोच खाली वाकलेली. ऐकायला वाटतं लगेच दिसेल. नाही दिसत! गोट्यांच्या बेटावर तो बसला की तो एक गोटाच. आम्ही चाळीस मिनिटं दुर्बीण लावून एका जागेकडे बघत होतो, गाईड सांगतोय तिथेच आहे, तीन आहेत, मला एक पण नाही, नणंद म्हणाली हा आपल्याला बनवतोय. आणि मग एक गोटा उठला आणि पाण्यात शिरला. पोटापर्यंत पाण्यात, डोकं पूर्ण आत, ती वाकडी चोच दगडाच्या खालून फिरवतोय, आपण पलंगाखालची चप्पल पायाने चाचपतो तसं. वर आला की चोचीला पाणी लोंबतंय. मग दुसरा गोटा उठला. मग तिसरा.

इथे एक वाईट गोष्ट लिहायलाच हवी. त्याच बेटाकडे पलीकडच्या काठाने एक फोटोवाल्यांचा ग्रुप आला, सहा सात जण, मोठ्या लेन्स. त्यांना पक्षी उडतानाचा फोटो हवा होता म्हणून एकाने खडा टाकला. उडाले. पुढे जाऊन बसले. हे चालत पुढे गेले आणि परत तेच. तिसऱ्यांदा आमचा गाईड काठावर उभा राहून लडाखीत जे काही ओरडला ते मला कळलं नाही, पण त्यांच्या ड्रायव्हरला कळलं आणि तो मान खाली घालून त्यांना घेऊन गेला. आपल्याकडे बदक उडवलं तर ते दुसरीकडे बसून खातं. इथे दिवस छोटा, ऊन थोडेच तास, तेवढ्यात रात्रभराची शिदोरी गोळा करायची असते, त्यातली पंधरा मिनिटं आणि उडण्याची ताकद तुमच्या फोटोसाठी गेली तर ती परत कुठून आणायची त्याने. लाईक्स किती आले असतील त्या फोटोला देव जाणे.

नदीत न उतरणाऱ्यांचं काय, तर त्यांच्यासाठी काठावरची काटेरी झुडपं, सीबकथॉर्न. पानं सगळी गळलेली आणि फांद्यांना नारिंगी फळं तशीच लटकलेली, गोठून गारगोट्या झालेली. आमा-ले त्याचा रस करते, त्सेस्तालुलु म्हणतात या फळाला, आंबट असा की कानशिलं दुखतात. या झुडपांवर एक थिरथिरा दिसला. आमच्या पार्किंगमधल्याचा चुलतभाऊ, पण दणकट, डोक्यावर पांढरी टोपी, पंखावर पांढरा डाग, पोट विटकरी. गुल्डनश्टाटचा रेडस्टार्ट म्हणतात, नाव सोपं करायला कोणी तयार नाही. हा एवढ्या वर राहूनच हिवाळा काढतो. एकेक फळ तोडून गिळत होता आणि दुसरा आला की हाकलत होता, आपलं झुडूप राखून होता पक्का. आमचा तो स्कूटरवर बसणारा तोपर्यंत नाशकात किडे खातोय आरामात.

त्याच काट्यांमधे टिट वॉर्बलर. आता हा पक्षी मी फोटोत बघितला होता तेव्हा वाटायचं रंग वाढवलेत. जांभळा, निळा, किरमिजी, आणि आकार लिंबाएवढा, वजन दहा ग्रॅमच्या आत. आठ नऊ जणांचा घोळका, एक क्षण थांबत नाहीत, ची ची करत फांदीफांदीच्या खाचेत चोच घालून बघतात. जेवढं अंग छोटं तेवढी ऊब लवकर निघून जाते, गरम वाटीतली आमटी पातेल्यातल्या आमटीच्या आधी गार होते ना, तसं, म्हणून यांना दिवसभर खात राहण्यावाचून गत्यंतर नाही. दहा ग्रॅम. आपण हॉटेलात बडीशेप उचलतो त्याहून फार नाही, आणि त्यात पूर्ण जानेवारीची रात्र काढायची. मी फोटो काढायला गेले तर कॅमेऱ्याची बॅटरी मेली. माझी सगळ्यात मोठी हळहळ ही.

शेयच्या दलदलीत एक सकाळ नक्की घालवा. तिथे झरे आहेत, जमिनीतून येणारं पाणी, माझ्या थर्मामीटरवर साडेसहा डिग्री, त्यामुळे आजूबाजूला सगळं पांढरं आणि त्या ओहोळाच्या काठाने हिरवं शेवाळ, वाफ निघतेय. तिथे सॉलिटरी स्नाइप होता, आपल्या पाणलाव्यातलाच मोठा भाऊ, पाण्यात उभा राहून स्प्रिंगवर ठेवल्यासारखा हलत होता. जवळच मॅलर्ड बदकं आणि एक हिरवी तुतारी, म्हणजे ग्रीन सँडपायपर. ती आपल्याकडे पण असते हिवाळ्यात, ही बाई इथे काय करतेय म्हटलं, हिला कोणी खाली जायचं सांगितलं नाही का.

आणि चकोर! लहानपणापासून ऐकतोय चकोर चांदणं पिऊन राहतो. आमच्या घरामागच्या उतारावरून रोज संध्याकाळी वीस पंचवीस चकोर पळत पळत खाली यायचे आणि आमा-लेच्या खळ्यात सांडलेला जव टिपायचे, कोंबड्यांसारखे, कुटकुट कुटकुट करत. चांदणं होतं वर भरपूर, पौर्णिमेच्या आसपासचे दिवस, एकानेही वर बघितलं नाही. आमा-ले गोठ्यासमोर दोन मुठी जव मुद्दाम टाकते, चिमण्या, कबुतरं आणि रॉबिन ॲक्सेंटर नावाचा एक साधासुधा गोड पक्षी त्यावर जगतात, गुरांच्या शेणात पण काही ना काही मिळतं त्यांना. मी गाईडकरवी विचारलं का टाकता, तर तिला प्रश्नच कळला नाही.

आता सामानाचं पटकन. दुर्बीण ८ बाय ४२ पुरते, जास्त मोठी नेऊ नका, हात थरथरतात. श्वास काचेवर गेला की तिथेच गोठतो, म्हणून नाकावरून मफलर घेताना नीट. बॅटऱ्या आणि फोन जॅकेटच्या आतल्या खिशात, रात्री पांघरुणात. धातूचा ट्रायपॉड उघड्या हाताने धरू नका, कातडी चिकटते, मी शिकले. दोन हातमोजे, आतला पातळ. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड न्या. जेवण उत्तम, थुकपा, स्क्यू, खंबीर रोटी आणि जर्दाळूचा जॅम, पण चौथ्या दिवशी मी मेतकूट काढलं आणि आमा-लेच्या सुनेने ते भातावर घेऊन दोनदा खाल्लं, उरलेला डबा तिथेच ठेवून आले. डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका, बीपीवाल्यांनी तर नाहीच.

कंपनीबद्दल राहिलेलं. ‘हाय क्वालिटी स्पॉटिंग स्कोप’ (तिपाईवर लावायची मोठी दुर्बीण) लिहिलेला, आला तो तीन पायांपैकी एक पाय दोरीने बांधलेला, गाईडने स्वतःची जुनी दुर्बीण नणंदेला दिली चारही दिवस. गाडीचा हीटर बंद. निघताना हॉटेलमधे दोन हजार एक्स्ट्रा मागितले ‘विंटर हीटिंग’चे, जे पॅकेजमधे आहे असं लेखी होतं, मी स्क्रीनशॉट दाखवल्यावर सोडले. आणि सगळ्यात राग याचा की गाईडला दिवसाचे किती मिळतात ते मी त्याला विचारलं, आकडा लिहीत नाही, पण ४८ हजार गुणिले दोन यातून त्याच्याकडे जे पोचतं ते ऐकून आम्ही दोघी गप्प झालो. त्यामुळे जमलं तर मधला दलाल टाळा, लेहला पोचून गावातल्या माणसाशी थेट बोला. बुकिंगच्या वेळी एकच प्रश्न विचारा, जानेवारीत क्रेन दिसेल का. हो म्हणाला की फोन ठेवा.

सासूबाईंची बाटली भरली स्ताकनाच्या पुलाजवळ, नणंद ओट्यावर पालथी पडून हात खाली घालून भरत होती आणि मी तिचे पाय धरलेले. लेहला पोचेपर्यंत गाडीतच ती गोठून दगड झाली, बुड फुगून बाटली उभी राहीना. नाशिकला येईपर्यंत वितळली. देवघरात आहे आता, आडवी ठेवलीये.

परत आल्यावर मी कंपनीला सविस्तर मेल टाकला, गीझर, स्कोप, खार्दुंगला, क्रेन, सगळं मुद्देसूद, आणि अर्धे पैसे परत मागितले. आठ दिवसांनी फोन आला, तोच मुलगा. मॅडम रिफंड पॉलिसीत बसत नाही, पण तुमच्यासाठी पुढच्या वेळी दहा टक्के डिस्काउंट देतो, तुम्ही जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात या, तेव्हा क्रेन हंड्रेड परसेंट दिसतो.